खडा निघाला, तरी क्रिएटिनिन का उतरत नाही?

पत्राचा सारांश: आमच्या एका ४८ वर्षांच्या वाचक लिहितात, की बारा वर्षांत त्यांना तीनदा मुतखडा झाला. शेवटचा खडा मागच्या वर्षी दुर्बिणीतून काढला आणि दुखणं पूर्ण थांबलं. तरी क्रिएटिनिन (किडनीने बाहेर टाकायचा रक्तातला टाकाऊ पदार्थ) १.३ आणि ईजीएफआर (त्यावरून काढलेला किडनीच्या गाळण्याच्या क्षमतेचा अंदाज) ५१ वर अडकून आहे. सहा महिन्यांनी पुन्हा तपासलं तेव्हाही तेच. ‘क्रिस्टलमुळे किडनीत दाह होत राहतो, त्यातून हा दीर्घकालीन आजार,’ असं किडनीच्या डॉक्टरांनी सांगितलं. पण रक्तातलं सीआरपी, म्हणजे दाह असला की वाढणारं प्रथिन, नॉर्मल आहे, मग दाह आहे तरी कुठे, हे त्यांना कळत नाही. दाहच मूळ असेल तर तोच कमी करू, या विचाराने त्यांनी हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल आणि रोज १००० मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी सुरू केलं. गुडघ्यासाठी अधूनमधून घेत ती ‘अँटिइन्फ्लमेटरी’ गोळी आता आठवड्यातून तीन-चार दिवस घेतात, एकाच गोळीत दोन्ही कामं होतील म्हणून. खडा कॅल्शियमचा असतो असं ऐकल्यामुळे दूध-दही सोडलं. युरिक ॲसिड ७.२ आहे. धाकट्या भावालाही विशीत खडे झाले होते. मोठी बहीण रोज पाच लिटर पाणी प्यायला सांगते. मुलाने दाहाची साखळी तोडणाऱ्या एका इंजेक्शनबद्दल वाचलं आहे. त्या विचारतात: ते इंजेक्शन डॉक्टरांकडे मागू का? आणि ‘पाणी कमी प्यायले म्हणून हे सगळं ओढवलं’ ही टोचणी जात नाही, तिचं काय करू?

नमस्कार,

इंजेक्शनच्या प्रश्नाकडे येतेच, पण आधी एक तातडीचं. गुडघ्याची ती गोळी थांबवा, हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल थांबवा, व्हिटॅमिन सी सुद्धा. पुढच्या भेटीची वाट बघू नका. डॉक्टरांना फोन करून तिन्ही गोष्टी किती मात्रेत आणि किती दिवस घेतल्या ते सांगा. पत्रातली सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट हीच आहे. दाह कमी व्हावा म्हणून तुम्ही जे घेताय, त्यातली एक गोष्ट किडनीचा रक्तपुरवठा कमी करू शकते आणि उरलेल्या दोन लघवीतलं ऑक्झलेट वाढवू शकतात (कॅल्शियमशी जुळून बहुतेक खडे ज्याचे बनतात, तो पदार्थ). दूध-दही सोडण्यानेही बहुधा तेच होतंय. तुमचा विचार अगदीच चुकीचा होता असं नाही, मधली एक कडी तेवढी निसटली. ती कळली की पुढचे बरेच निर्णय तुम्हाला सोपे जातील, म्हणून जरा खोलात जाते.

‘खडा निघाला, मग किडनी पूर्वीसारखी का होत नाही?’ या प्रश्नात एक गृहीत आहे: आजार म्हणजे तो खडा. दुखणं खड्याचं असतं, हे खरंच. खडा मूत्रवाहिनीत अडकतो, मागे लघवी तुंबते, ताण येतो आणि माणूस अक्षरशः लोळायला लागतो. पण किडनीच्या गाभ्यात, जिथे लघवी तयार होते त्या केसाहून बारीक नलिकांमध्ये क्रिस्टल, म्हणजे क्षारांचे स्फटिक, रुतून बसले, तर सहसा काहीच दुखत नाही. सोनोग्राफीत खडा दिसतो. नलिकांमधले हे सूक्ष्म क्रिस्टल बहुतेक वेळा दिसत नाहीत. कधी बायोप्सी केली आणि तुकडा ध्रुवित प्रकाशाखाली धरला, तर कॅल्शियम ऑक्झलेटचे क्रिस्टल चमकताना सापडतात. या आजारांचा अभ्यास करणारे क्रिस्टल कुठे बसतात त्यावरून तीन गट पाडतात: रक्तवाहिन्यांमध्ये, किडनीच्या नलिकांमध्ये आणि लघवीच्या मार्गात. मुतखडा तिसऱ्या गटात येतो. एकाच माणसात दुसरा आणि तिसरा गट सोबत नांदू शकतात, आणि तुमच्या डॉक्टरांना तीच शंका असावी. (अडकलेल्या खड्यामुळे लघवी तुंबून झालेलं जुनं नुकसान, एखादा जंतुसंसर्ग, यांचाही वाटा असू शकतो. सगळं एकाच कारणावर ढकलायची घाई नको.)

आता दाहाचं. लघवीत विरघळलेले क्षार प्रमाणाबाहेर वाढले की त्यांचे कण तयार होतात. हे निरोगी माणसातही होत असतं. बहुतेक कण वाहून जातात. लघवीतलं सायट्रेट आणि युरोमोड्युलिन नावाचं प्रथिन त्यांना वाढू देत नाहीत, एकमेकांना चिकटू देत नाहीत. कण फार झाले किंवा ही राखण कमी पडली, की ते नलिकेच्या आतल्या पेशींना चिकटतात. काही पेशी त्यात मरतात, आणि त्यांचं मरण साधं नसतं: त्या फुटतात आणि आतला ऐवज आजूबाजूला सांडतो. शरीर याला धोक्याची सूचना समजतं. मग मॅक्रोफेज नावाच्या सफाई करणाऱ्या पेशी आणि त्यांच्या जातीच्या इतर पेशी येतात आणि क्रिस्टल गिळतात. जंतू गिळला तर तो पचतो. क्रिस्टल पचत नाही. ज्या पिशवीत पचन व्हायचं, ती पिशवीच तो फोडतो. पिशवी फुटली की त्या पेशीत एनएलआरपी३ इन्फ्लमसोम नावाची यंत्रणा जुळते आणि इंटरल्युकिन-१ बीटा हा रेणू बाहेर सोडला जातो. हा रेणू आणखी दाहक पेशींना बोलावतो, त्या आणखी पेशी मारतात, आणि चक्र सुरू होतं.

यात एक बारकावा आहे, तो मला फार महत्त्वाचा वाटतो. जखमी झालेल्या नलिका-पेशी आपल्या पृष्ठभागावर असे रेणू मांडतात, की पुढचे क्रिस्टल तिथे अधिक सहज चिकटतात. म्हणजे क्रिस्टलमुळे दाह होतो, आणि दाहामुळे नव्या क्रिस्टलना जागा मिळते. हे चक्र महिनोनमहिने चाललं तर शरीर दुरुस्तीला लागतं, पण ती दुरुस्ती व्रणाची असते. नलिकेच्या जागी तंतूंचं जाळं तयार होतं. जन्मतः प्रत्येक किडनीत सरासरी दहा लाखांच्या आसपास नेफ्रॉन (बारीक गाळणी आणि तिला जोडलेली नलिका) असतात आणि मोठेपणी नवे तयार होत नाहीत. व्रणात गेलेला नेफ्रॉन गेला तो गेला. खडा काढल्यावरही तुमचं क्रिएटिनिन जिथे होतं तिथेच का थांबलंय, याचं उत्तर बरंचसं इथे आहे. आणि ते ‘वाढत’ नाहीये, ‘थांबलंय’, हेही लक्षात घ्या. सहा महिने एकाच आकड्यावर असणं ही वाईट बातमी नाही.

सीआरपीचं कोडं यातूनच सुटतं. सीआरपी यकृतात तयार होतं, आणि ते वाढायला दाहाचा सांगावा रक्तातून पुरेशा जोराने यकृतापर्यंत पोचावा लागतो. किडनीतला काही नलिकांपुरता धुमसणारा दाह तेवढा जोर लावत नाही. त्यामुळे सीआरपी नॉर्मल असणं आणि किडनीत दाह असणं या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. डॉक्टर तुमच्यापासून काही लपवत नाहीत. आता हा दाह मोजायला म्हणून महागड्या ‘इन्फ्लमेशन पॅनेल’च्या तपासण्या करत सुटू नका. किडनीच्या बाबतीत त्यातून निर्णय बदलेल असं फारसं काही हाती येत नाही.

आता निसटलेली कडी. दाह हा एकच एक प्रकार नसतो. तुमची गुडघ्याची गोळी प्रोस्टाग्लँडिन नावाच्या रेणूंची निर्मिती थांबवते. गुडघा दुखतो त्यात त्यांचा मोठा हात असतो, म्हणून आराम पडतो. गाऊटच्या झटक्यातही या गोळ्यांनी वेदना उतरते, आणि गाऊट हाही क्रिस्टलचाच (सांध्यात साठलेल्या युरिक ॲसिडच्या) आजार, तेव्हा ‘मग किडनीतही चालेल’ असं वाटणं साहजिक आहे. पण किडनीतलं चक्र मुख्यतः इंटरल्युकिन-१ बीटा आणि फुटणाऱ्या पेशींच्या जोरावर फिरतं. तिथे ही गोळी पोचत नाही. उलट किडनीत प्रोस्टाग्लँडिनचं काम भलत्याच उपयोगाचं असतं. किडनीवर ताण असेल तेव्हा गाळणीकडे रक्त आणणारी बारीक वाहिनी उघडी ठेवायला ते मदत करतात. नेफ्रॉन कमी झालेल्या माणसात ते बंद केले की गाळणीतला दाब पडतो, क्रिएटिनिन चढतं. शिवाय या गटातल्या औषधांनी काही जणांच्या किडनीत वेगळाच, ॲलर्जीसारखा दाह होतो. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन, ॲसिक्लोफेनॅक ही सगळी याच घरातली. चिठ्ठीशिवाय मिळतात, म्हणून निरुपद्रवी वाटतात. किडनीचा आजार असलेल्या माणसाने डॉक्टरांना विचारल्याशिवाय यांतलं काहीच नियमित घेऊ नये.

कॅप्सूलबद्दल. हळदीच्या पावडरीत पाण्यात विरघळणारं ऑक्झलेट भरपूर असतं, आणि पूरक म्हणून मोठ्या मात्रेत हळद दिली तेव्हा लघवीतलं ऑक्झलेट वाढल्याचं तपासलं गेलंय. दीर्घकाळ अशी पूरकं घेणाऱ्यांच्या किडनीत ऑक्झलेटचे क्रिस्टल साठल्याच्या नोंदीही आहेत. स्वयंपाकात पडते तेवढ्या हळदीबद्दल मी बोलत नाहीये. मी बोलतेय ते रोज डबीतून निघणाऱ्या मात्रेबद्दल. तुमच्या कॅप्सूलमध्ये निव्वळ कर्क्युमिन असेल तर ऑक्झलेट कमीही असेल, पण लेबलावरून ते खात्रीने कळत नाही, आणि किडनीला फायदा होतो असं दाखवणारा भक्कम पुरावा नाही. मग ही जोखीम कशासाठी? व्हिटॅमिन सीचा हिशेब तर सरळ आहे: शरीर त्यातल्या काही भागाचं ऑक्झलेटच करतं. स्वीडनमधल्या वीस हजारांहून जास्त पुरुषांच्या पाहणीत, व्हिटॅमिन सीची पूरकं घेणाऱ्यांमध्ये मुतखड्याचं प्रमाण जवळजवळ दुप्पट आढळलं होतं. हा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. ‘अँटिऑक्सिडंट’ म्हणून डबीवर लिहिलंय एवढ्यावरून ते तुमच्या किडनीला मानवेल असं होत नाही.

दुधाकडे येते. इथे एक प्रयोग सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण तुमच्या दोन प्रश्नांची उत्तरं त्यात एकत्र आहेत. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उंदरांना विरघळणारं ऑक्झलेट भरपूर असलेला, पण कॅल्शियम नसलेला आहार दिला. त्यांच्या नलिकांत क्रिस्टल साठले, भोवती दाह झाला, किडन्या निकामी होत गेल्या. काही उंदरांमध्ये एनएलआरपी३चं जनुकच काढून टाकलेलं होतं. तेच ऑक्झलेट खाऊनही या उंदरांच्या किडन्या निकामी झाल्या नाहीत. दाह हा नुसता साक्षीदार नाही, नुकसान प्रत्यक्ष घडवणाऱ्यांपैकी आहे, हे यातून जोरकसपणे पुढे आलं. मुलाने तुम्हाला वाचून दाखवलं ते बहुधा याच वळणाचं असणार. पण त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट आहे, जिच्याकडे कोणी फारसं बघत नाही: ऑक्झलेट तेवढंच, पण आहारात कॅल्शियमही होतं, त्या उंदरांना हा आजार झालाच नाही. कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला बांधतं, आणि ते शौचावाटे निघून जातं. जेवणात कॅल्शियम नसेल तर ऑक्झलेट मोकळं राहतं, रक्तात शिरतं आणि किडनीवाटे बाहेर पडायला बघतं.

माणसांतही हेच दिसलंय. कॅल्शियम ऑक्झलेटचे खडे पुन्हा पुन्हा होणाऱ्या १२० इटालियन पुरुषांवर पाच वर्षं चाललेला अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. अर्ध्यांना कमी कॅल्शियमचा आहार दिला, अर्ध्यांना नेहमीएवढं कॅल्शियम पण मीठ आणि मांसाहारी प्रथिनं कमी. पहिल्या गटात २३ जणांना पुन्हा खडा झाला, दुसऱ्यात १२ जणांना. तेव्हा दूध-दही परत सुरू करा, आणि जेवणासोबत घ्या. मीठ कमी करा. जास्त मीठ खाल्लं की लघवीतून कॅल्शियम जास्त जातं. कॅल्शियमच्या गोळ्यांची गोष्ट वेगळी आहे. त्या स्वतःहून सुरू करू नका, आणि चालू असतील तर वेळ व मात्रा डॉक्टरांशी बोलून ठरवा.

आता इंजेक्शन. मुलाने जे वाचलंय ते काल्पनिक नाही. इंटरल्युकिन-१ अडवणारी अनाकिन्रा, कॅनाकिनुमॅब ही औषधं आहेत. गाऊटच्या हट्टी झटक्यांत आणि काही दुर्मिळ दाहक आजारांत ती वापरली जातात. पण क्रिस्टलमुळे झालेल्या दीर्घकालीन किडनीविकाराला ती थोपवतात, असं माणसांत सिद्ध झालेलं नाही. कॅनाकिनुमॅबची सगळ्यात मोठी परीक्षा २०१७ मध्ये जाहीर झाली, दहा हजारांहून जास्त हृदयरुग्णांवर. हृदयविकाराच्या घटना काही प्रमाणात कमी झाल्या, पण जीवघेणे जंतुसंसर्गही वाढले. त्यातल्या किडनीविकार असलेल्यांची आकडेवारी नंतर वेगळी पाहिली, तर किडनीच्या कामात लक्षात येण्याजोगा फायदा नव्हता, तोटाही नव्हता. हे रुग्ण क्रिस्टलचे नव्हते, म्हणून यावरून दार बंद झालं असं म्हणणं बरोबर नाही. पण वारंवार मुतखड्याची शस्त्रक्रिया होऊ शकणाऱ्या, लघवीच्या मार्गात संसर्गाचा धोका असलेल्या बाईची प्रतिकारशक्ती दाबायला माझं मन धजत नाही. डॉक्टरांना विचारायचंच असेल तर असं विचारा: ‘माझ्यासारख्या रुग्णांवर एखादी नोंदणीकृत चाचणी सुरू आहे का?’ ‘मला ते द्या’ असा हट्ट धरू नका. आणि गाऊटमध्ये देतात ती कोल्चिसिनची गोळी कोणी सुचवली तर तीही परस्पर घेऊ नका; किडनी कमी काम करत असेल तर ती अंगात साठते, आणि क्लॅरिथ्रोमायसिनसारख्या अँटिबायोटिकसोबत जिवावर बेतू शकते.

पायात काटा रुतलेला असताना सूज उतरवायचं मलम चोळत बसावं, तसं काहीसं नुसता दाह दाबणं होईल. तुमच्या बाबतीत सगळ्यात मोलाचा प्रश्न आहे: काटा कोणता? आश्चर्य म्हणजे तुमच्या एवढ्या सविस्तर पत्रात त्याचा उल्लेखच नाही. तीन खड्यांपैकी एकाचं तरी रासायनिक पृथक्करण झालं होतं का? शेवटचा खडा दुर्बिणीतून काढला, म्हणजे तुकडे हाती आले असणार. तो अहवाल शोधा. बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे निघतात, आणि वर मी त्याच गृहीतावर बोलले, हे कबूल. पण युरिक ॲसिडचा खडा असेल तर इलाज पूर्ण वेगळा: लघवीचा आम्लपणा कमी केला की तो विरघळूही शकतो. सिस्टिनचा असेल तर मार्ग आणखी निराळा. २,८-डायहायड्रॉक्सिॲडेनिन नावाचा एक दुर्मिळ खडा असतो. तो एक्स-रेमध्ये दिसत नाही, पुष्कळदा युरिक ॲसिडचा समजला जातो, आणि वेळेवर ओळखला तर ॲलोप्युरिनॉल या युरिक ॲसिड कमी करणाऱ्या औषधाने किडनी वाचते. ओळखला नाही तर काही जण डायलिसिसपर्यंत पोचतात, अगदी किडनी बदलल्यावर नव्या किडनीतही तेच क्रिस्टल साठतात.

आणि म्हणूनच तुमच्या भावाबद्दलचं ते एक वाक्य मला बाकी सगळ्यापेक्षा बोलकं वाटलं. विशीत खडे, सख्ख्या बहिणीलाही वारंवार खडे, आणि आता किडनीचं काम कमी. एवढ्यावर आनुवंशिक आजार आहे असं म्हणता येत नाही. खडे घराण्यात चालतातच. पण प्रश्न उपस्थित करायला हे पुरेसं आहे. प्रायमरी हायपरऑक्झल्युरिया या आनुवंशिक आजाराच्या पहिल्या प्रकारात यकृतच जादा ऑक्झलेट बनवतं. त्यावर २०२० पासून लुमासिरान हे औषध मान्यता मिळून वापरात आहे, आणि ते दाहाला हातही लावत नाही. यकृतात ऑक्झलेट तयार होण्याची पायरीच अडवतं. क्रिस्टलच्या आजारांत आजवर जे खरोखर यशस्वी ठरलंय ते बहुतेक याच जातीचं आहे. म्हणून पुढच्या भेटीत चोवीस तासांच्या लघवीची तपासणी मागा; त्यात ऑक्झलेट, कॅल्शियम, सायट्रेट, युरिक ॲसिड, सोडियम आणि लघवीचं एकूण प्रमाण कळतं. कॅप्सूल आणि व्हिटॅमिन सी बंद करून काही आठवडे गेल्यावर ती करा, नाहीतर आकडे फसवतील. ऑक्झलेट फारच जास्त निघालं तर जनुकीय तपासणीचा विषय काढा. रक्तातलं कॅल्शियम, पॅराथायरॉइड हॉर्मोन आणि बायकार्बोनेट झालेलं नसेल तर तेही.

युरिक ॲसिड ७.२ वरून झोप उडवून घेऊ नका. ६.८ च्या वर ते रक्तात विरघळण्याची मर्यादा ओलांडतं हे खरं, पण किडनीचं काम कमी झालं की ते आपसूकच थोडं चढतं. गाऊट नसताना, निव्वळ किडनी वाचावी म्हणून ॲलोप्युरिनॉल दिल्याने घसरण मंदावते का, हे २०२० मध्ये जाहीर झालेल्या दोन चाचण्यांत पाहिलं गेलं; फायदा दिसला नाही. गाऊट असेल किंवा युरिक ॲसिडचे खडे असतील, तर गोष्ट वेगळी.

आता क्रिएटिनिन. ‘फक्त १.३ तर आहे’ असं कोणालाही वाटेल. १.३ दिसतं लहान, पण तुमच्या वयाच्या स्त्रीमध्ये त्याचा अर्थ ईजीएफआर ५१, म्हणजे किडनीविकाराची ३अ पायरी. ही पायरी घाबरण्याची नाही, दुर्लक्ष करण्याचीही नाही. नेफ्रॉन कमी झाले की उरलेल्यांवर जादा काम पडतं, आणि क्रिस्टल बनणं थांबलं तरी त्या ओझ्याने घसरण चालू राहू शकते. या टप्प्यावर क्रिस्टलइतकंच महत्त्व रक्तदाबाला आणि लघवीतून जाणाऱ्या अल्ब्युमिन या प्रथिनाला आहे. लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर तुमच्या अहवालांत दिसत नाही. ही साधी तपासणी आहे, करून घ्या. ते वाढलेलं असेल तर एसीई इनहिबिटर किंवा एआरबी गटातल्या रक्तदाबाच्या गोळ्या, आणि मधुमेह नसला तरी एसजीएलटी२ गटातलं औषध, यांचा विचार डॉक्टर करतील. या शेवटच्या गटाने किडनीची घसरण मंदावते हे २०२० आणि २०२२ मध्ये जाहीर झालेल्या मोठ्या चाचण्यांत दिसलंय. इंजेक्शनपेक्षा ही चौकशी मला कितीतरी अधिक कामाची वाटते, जरी ती तितकी रोमांचक नसली तरी.

खडे रोखायला देतात ते पोटॅशियम सायट्रेट चालू असेल किंवा सुरू करणार असाल, तर अधूनमधून रक्तातलं पोटॅशियम तपासायला हवं. किडनीचं काम कमी असताना, विशेषतः आधी सांगितलेल्या रक्तदाबाच्या गोळ्यांसोबत, ते चढू शकतं.

आणि पाणी. पाण्याने खडे कमी होतात यात वाद नाही: पहिलाच खडा झालेल्या लोकांवर पाच वर्षं चाललेल्या, १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात भरपूर पाणी पिणाऱ्यांपैकी १२ टक्क्यांना पुन्हा खडा झाला, इतरांपैकी २७ टक्क्यांना. पण तेच आकडे उलट बाजूनेही वाचा. पाणी पिऊनही १२ टक्क्यांना झालाच. आणि पाणी वाढवायला न सांगितलेल्यांपैकी ७३ टक्क्यांना पाच वर्षांत पुन्हा खडा झाला नाही. पाणी ही एक बाजू आहे. बाकी जनुकं, आतडी, लघवीची रासायनिक घडण, एखादं औषध, असं बरंच काही तुमच्या हाताबाहेरचं असतं. तुमच्या भावाने विशीत काय असं पाप केलं होतं? तुम्ही स्वतःवर लावलेला आरोप पुराव्यावर टिकत नाही, एवढंच मी म्हणेन. बहिणीच्या पाच लिटरबद्दल: मोजायचं ते किती प्यायलो हे नाही, किती लघवी झाली हे. दिवसाला अडीच लिटरच्या आसपास लघवी होईल इतकं पाणी, दिवसभर विभागून आणि झोपण्यापूर्वीही थोडं. हृदयाचं काम कमकुवत असलेल्यांनी किंवा किडनीचा आजार पुढे गेलेल्यांनी हा आकडा डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाळू नये.

हे पत्र वाचणाऱ्या इतरांपैकी ज्यांना वारंवार खडे होतात, त्यांनी वर्षातून एकदा तरी क्रिएटिनिन, ईजीएफआर आणि लघवीतलं अल्ब्युमिन पाहावं, दुखत नसलं तरी. वजन कमी करण्यासाठी आतड्याला वळसा देणारी शस्त्रक्रिया झालेले, आतड्याचा भाग काढलेले, क्रोन्स हा आतड्याच्या दाहाचा आजार असलेले आणि चरबी पचू न देणारं ऑर्लिस्टॅट घेणारे, यांच्या आतड्यातून ऑक्झलेट जास्त शोषलं जातं. त्यांनी शरीर ‘शुद्ध’ करायला म्हणून पालकाचे हिरवे रस रोज पिणं टाळावं. टोपिरामेट हे फिट्स किंवा अर्धशिशीचं औषध घेणाऱ्यांना कॅल्शियम फॉस्फेटचे खडे होऊ शकतात. आणि खड्याच्या कळेसोबत थंडी-ताप आला तर घरी गोळी घेऊन सकाळची वाट बघायची नाही, त्याच वेळी रुग्णालय गाठायचं. अडलेल्या लघवीत संसर्ग झाला की काही तासांत प्रकरण हाताबाहेर जाऊ शकतं.

गुडघ्याचं राहिलंच. दुखणं सोसत बसा असं मी म्हणत नाही. यकृताचा त्रास नसेल तर योग्य मात्रेत पॅरासिटामॉल किडनीच्या दृष्टीने बरं. वरून लावायच्या मलमांतून औषध रक्तात कमी जातं, पण अजिबात जात नाही असं नाही, तेव्हा तेही विचारून. मांडीचे स्नायू बळकट करणारे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या. त्याला सहा-आठ आठवडे द्यावे लागतात, त्याआधी ‘काही उपयोग नाही’ म्हणून सोडू नका. गोळी बंद केल्यावर दोन-तीन आठवड्यांनी क्रिएटिनिन पुन्हा करा. ते जरासं उतरलं, तर किती भाग गोळीचा होता आणि किती क्रिस्टलचा, हे डॉक्टरांना आणि तुम्हाला दोघांनाही कळेल.